खांबावर चढणाऱ्याची अर्हता

सरकारी भरतीत कामाच्या अनुभवाला स्थान द्या, अशी मागणी पुढे आली की तिला ठरलेली उत्तरे मिळतात. गुणवत्ता घसरेल. अनुभव मोजायचा कसा? दाखले खोटे निघतील. मागच्या दाराने माणसे आत घुसवण्याचा हा डाव आहे. अलीकडे या उत्तरांत आणखी एकाची भर पडली आहे आणि ते बाकीच्यांपेक्षा वजनदार आहे: परीक्षा आणि प्रमाणपत्र हाच गरिबाच्या पोराचा आधार आहे, तो काढून घेऊ नका. असे म्हणणाऱ्यांत मला ज्यांच्याविषयी आदर आहे असे निवृत्त अधिकारी आहेत, खेड्यापाड्यांतल्या मुलांची स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणारे शिक्षक आहेत. त्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. त्यांचा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत या राज्यातले कंत्राटी कामगार वर्षानुवर्षे मोजत आले आहेत.

मी आयटीआयमध्ये शिल्प निदेशक होतो, वीजतंत्री हा व्यवसाय शिकवत असे. म्हणजे मी प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या बाजूचा माणूस. पुढचे सगळे त्या जागेवरून लिहितो आहे.

मुद्दा हवेत राहू नये म्हणून एकच पद घेतो: महावितरणचा विद्युत सहाय्यक. डिसेंबर २०२३ मध्ये या पदाच्या ५,३४७ जागांची जाहिरात निघाली. अट अशी की उमेदवार दहावी उत्तीर्ण हवा आणि त्याच्याकडे वीजतंत्री किंवा तारतंत्री व्यवसायाचे प्रमाणपत्र हवे. वय १८ ते २७, मागासवर्गीयांना पाच वर्षांची सवलत. निवड ऑनलाइन परीक्षेतून. तिच्यात व्यावसायिक ज्ञानाचे प्रश्न, त्यांच्या जोडीला तर्कक्षमता, अंकगणिती अभियोग्यता आणि मराठी भाषा. कागदावर पाहिले तर यात कोणाला खटकावे असे काही नाही.

आता हे काम आज प्रत्यक्षात कोण करते ते पाहा. कोणत्याही तालुक्याच्या गावी जा. डीपीचा फ्यूज उडाला, वाऱ्याने तारा एकमेकींना चिकटल्या, झाडाची फांदी लाईनवर पडली की जी माणसे सायकलवर किंवा जुन्या मोटारसायकलवर येतात त्यांत कंपनीचे कायम लाईनमन, म्हणजे जनमित्र, असतात आणि त्यांच्या बरोबरीने, काही ठिकाणी त्यांच्यापेक्षाही अधिक संख्येने, कंत्राटदाराकडून आलेले बाह्यस्रोत कामगार असतात. खांब तोच, तार तीच, धोका तोच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, दिवेआगरकडचे खांब रांगेने आडवे झाले. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरच्या महापुरात उपकेंद्रे पाण्यात गेली. त्या दिवसांत चिखलात उभे राहून ज्यांनी वीज परत आणली, त्यांच्यापैकी कंत्राटी कोण आणि कायम कोण हे कोणत्याही गावकऱ्याने विचारले नाही. तो प्रश्न भरतीच्या दिवशी विचारला जातो. त्या दिवशी कंत्राटी कामगाराच्या सगळ्या रात्री आणि सगळे पावसाळे मिळूनही एका प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाहीत.

वयाच्या अटीचे तर काय म्हणावे? अनुभव म्हणजे गेलेली वर्षे. अठराव्या वर्षी कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागलेला मुलगा लाईनचे काम नीट शिकेपर्यंत पंचविशीत येतो, आणि जेव्हा तो खरोखर भरवशाचा होतो तेव्हा सत्तावीस ओलांडून गेलेला असतो. राज्य शासनाच्या बहुतेक पदांना खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही मर्यादा आहे. कचेरीत खुर्चीवर बसण्यासाठी अडतिशी चालते. खांबावर चढण्यासाठी शरीर तरुण हवे हे मला मान्य आहे. पण मग पस्तिशीतला कंत्राटी माणूस आज त्याच खांबावर कसा चालतो, याचे उत्तर नियम करणाऱ्यांनी द्यायला हवे.

गुणवत्तेच्या युक्तिवादाकडे येतो. गुणवत्ता म्हणजे काय, हे पदाच्या कामावरून ठरते. तलाठ्याला जमीन महसुलाचा कायदा कळला पाहिजे, परिचारिकेला औषधाची मात्रा कळली पाहिजे, लाईनवरच्या माणसाला विजेचे वर्तन कळले पाहिजे. ऑनलाइन परीक्षेतला चार पर्यायांचा प्रश्न त्यातला काही भाग तपासतो, आणि तो भाग महत्त्वाचा आहे. अर्थिंग का करायचे, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्या हाती मी लाईन देणार नाही. परंतु अर्थिंग का करायचे हे सांगता येणे आणि पावसात, अंधारात, खाली लोक ओरडत असताना डिस्चार्ज रॉड लावल्याशिवाय तारेला हात न लावणे, या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. आमच्या कार्यशाळेच्या आवारात सरावासाठी एक खांब रोवलेला असे. मुले त्याच्यावर चढत, इन्सुलेटर बसवत, जंपर बांधत, मी खाली उभा राहून चुका सांगत असे. त्या तारांत कधीच वीज नसे, आणि नसायलाच हवी. तिथे जे शिकवता येते ते मी मनापासून शिकवले. तिथे जे शिकवता येत नाही ते काय आहे, हेही मला पुरते ठाऊक आहे. ते फक्त कामावर येते. प्रमाणपत्र घेऊन गेलेली आमची चांगली मुले पहिले वर्षभर कोणा जुन्या माणसाच्या हाताखालीच उभी राहून शिकत असतात, आणि तो जुना माणूस पुष्कळदा कंत्राटी असतो. शिकवणारा अपात्र आणि शिकणारा पात्र, अशी ही स्थिती आहे.

अनुभव मोजता येत नाही, हे तर सरळसरळ असत्य आहे. सरकारच तो मोजत आले आहे. एसटीचा चालक घेताना महामंडळ दहावीचे गुणपत्रक पाहून थांबत नाही. अवजड वाहनाचा परवाना लागतो, ते चालवल्याचा अनुभव लागतो, आणि शेवटी वाहन चालवून दाखवावे लागते. त्यासाठी भोसरीच्या संस्थेत संगणकीकृत मार्गिका आहे. उमेदवाराने गाडी मागे कशी घेतली, चढावर कशी थांबवली, याची नोंद यंत्र करते. पोलीस दलात चालक शिपायाची वाहन चालवण्याची कौशल्य चाचणी होते. लिपिक-टंकलेखकाला टंकलेखनाचा वेग सिद्ध करावा लागतो. रेल्वेत खलाशापासून कारागीर होण्यासाठी ट्रेड टेस्टची पद्धत कित्येक दशकांची आहे. जॉब द्यायचा, वेळ लावायची, मापे तपासायची. हे सगळे जर बस, टाइपरायटर आणि लेथसाठी जमते, तर विजेच्या खांबासाठी, पाणीपुरवठ्याच्या पंपासाठी, रुग्णालयातल्या ड्रेसिंगसाठी का जमू नये? जमते. खर्च येतो आणि परीक्षक नेमावे लागतात. हजारो उमेदवारांना एका दिवसात संगणकासमोर बसवणे त्यापेक्षा सोपे आहे. सोपेपणासाठी आपण एक पद्धत निवडली आणि मग तिलाच गुणवत्ता हे नाव दिले.

खोट्या दाखल्यांची भीती मी क्षुल्लक मानत नाही. कंत्राटदाराकडून पैसे देऊन ‘पाच वर्षे काम केले’ असा कागद मिळवता येतो, हे खरे आहे. पण हा रोग कोणी वाढवला? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने कामगाराच्या मजुरीची अंतिम जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे इथे सरकारी कंपनीवर किंवा खात्यावर टाकली. काम सुटताना कंत्राटदाराने कामगाराला सेवेचा दाखला द्यावा, अशी तरतूद त्या कायद्याखालच्या नियमांत होती. कोणत्याही कंत्राटी वायरमनला विचारा, असा दाखला त्याने पाहिला आहे का. दर दोन-तीन वर्षांनी निविदा बदलते, कंत्राटदाराचे नाव बदलते, माणूस त्याच खांबाखाली राहतो आणि त्याची सेवा प्रत्येक वेळी शून्यापासून सुरू होते. पीएफच्या पासबुकात महिनावार नोंद असते, उपविभागाच्या दप्तरी हजेरी असते, लाईनवर काम करण्यासाठी घेतलेल्या परमिटच्या नोंदी असतात. या तिन्हींचा मेळ घातला तर खोटा दाखला एका दुपारी उघडा पडेल. नोंदी ठेवण्याचे काम ज्याचे, त्यानेच नोंदी विश्वासार्ह नाहीत असे म्हणून कामगाराला परत पाठवायचे, हे मला मान्य नाही. आणि बनावट कागद निघतात म्हणून तो प्रकारच रद्द करायचा असेल, तर पदव्यांचेही तेच करावे लागेल. तसे कोणी सुचवत नाही, कारण पदवीची पडताळणी करण्याची यंत्रणा आपण उभी केली. अनुभवासाठी तशी यंत्रणा उभारलीच नाही.

कायद्याचा मुद्दा अधिक काळजीने मांडायला हवा, कारण इथे विरोधकांच्या हाती एक मोठा निकाल आहे. १० एप्रिल २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने उमादेवी प्रकरणात सांगितले की जाहिरात, स्पर्धा आणि नियम यांना डावलून लावलेल्या माणसाला केवळ तो बरीच वर्षे राहिला म्हणून कायम करता येणार नाही. तसे केल्यास संविधानाच्या १४ आणि १६ व्या अनुच्छेदांनी दिलेली समान संधी इतरांकडून हिरावली जाते. हा निकाल योग्य आहे असे माझे मत आहे. आमदाराच्या चिठ्ठीवर लागलेला माणूस दहा वर्षांनी आपोआप कायम व्हावा, असे मी म्हणत नाही. पण उमादेवी निकाल मागचे दार बंद करतो, पुढच्या दाराची रुंदी किती असावी हे तो ठरवत नाही. जाहिरातीत उघडपणे लिहून, सर्वांना समान लागू करून, कामाच्या अनुभवाला ठरावीक गुण द्यायला त्यात कुठेही मनाई नाही. राजस्थानात परिचारकांच्या भरतीत सरकारी आरोग्य योजनेत कंत्राटी काम केलेल्यांना वर्षांनुसार १०, २० आणि ३० बोनस गुण देण्याचे धोरण होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०२२ मध्ये न्यायालयाने धोरण कायम ठेवले. त्याही आधी, १९८९ मध्ये, दिल्लीच्या खनिज विकास महामंडळातील रोजंदारी कामगारांच्या प्रकरणात याच न्यायालयाने म्हटले होते की शैक्षणिक अर्हतेचा प्रश्न पहिल्या प्रवेशाच्या वेळी विचारात घ्यायचा असतो; ज्याला कामावर घेतले आणि वर्षानुवर्षे काम करू दिले, त्याची योग्यता ठरवायला प्रत्यक्ष अनुभव हा खात्रीचा मार्गदर्शक आहे. आणि डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात केंद्रीय जल आयोगाकडे दीर्घकाळ झाडलोट व बागकाम करणाऱ्यांविरुद्ध शासनाने शिक्षणाची अट पुढे केली, तेव्हा न्यायालयाने ती फेटाळली. ज्या कामाला मुळात औपचारिक शिक्षण लागत नाही, त्यासाठी नंतर अट लादून माणसांना बाहेर काढणे अन्याय्य आहे, असे सांगितले. उमादेवीचा आधार घेऊन दीर्घकाळ राबवून घेतलेल्यांची पिळवणूक लपवू नका, हा त्या निकालाचा रोख आहे. उमादेवीचे नाव घेणाऱ्यांनी हे निकालही वाचावेत.

संकट आले की सरकारला अनुभवाची किंमत कळते, याचाही दाखला आहे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, ३ मे २०२१ रोजी, केंद्राने जाहीर केले की शंभर दिवस कोविड सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना पुढच्या नियमित सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल. शंभर दिवसांची सेवा मोजता येते, मग दहा वर्षांची का नाही?

आता वरच्या पदांकडे बघू, कारण खरा भेदभाव तिथे दिसतो. जून २०१८ मध्ये केंद्राने सहसचिवांच्या दहा जागांसाठी बाहेरच्या तज्ज्ञांकडून अर्ज मागवले. पात्रता पदवी आणि पंधरा वर्षांचा अनुभव. नागरी सेवा परीक्षा नाही, तर्कक्षमतेचा पेपर नाही; निवड कामाच्या अनुभवावर आणि मुलाखतीवर. ऑगस्ट २०२४ मध्ये अशाच ४५ जागांची जाहिरात आली आणि आरक्षणाच्या प्रश्नावरून ती काही दिवसांत मागे घ्यावी लागली. आक्षेप आरक्षणाचा होता आणि तो रास्त होता. अनुभव मोजता येत नाही, असे मात्र तेव्हा कोणीही म्हटले नाही. न्यायव्यवस्थेचे पाहा. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी वकिलीच्या अनुभवाची अट २००२ मध्ये काढण्यात आली होती. कायद्याची पदवी घेऊन थेट न्यायासनावर बसलेल्यांचे काम वीस वर्षे पाहिल्यानंतर, २० मे २०२५ रोजी, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने किमान तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा आणली. केवळ पुस्तकी ज्ञान पुरत नाही, कोर्टातला अनुभव हवा, हे त्यामागचे कारण. न्यायाधीशासाठी जे तत्त्व लागू आहे ते तारतंत्र्यासाठी गैरलागू कसे होते, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. आपल्याच राज्यात सरकारी कचेऱ्यांत मानधनावर काम केलेल्या पदवीधर अंशकालीन उमेदवारांना १० टक्के समांतर आरक्षण आहे. ते योग्यच आहे. पण याचा अर्थ एवढाच होतो की पदवी असलेल्याचा अनुभव अनुभव ठरतो, आणि पदवी नसलेल्याचा अनुभव मजुरी ठरते.

शिक्षणाची अट वाढवत नेल्याने प्रशासन सुधारते, असाही एक समज आहे. २०१५ मध्ये उत्तर प्रदेशात शिपायाच्या ३६८ जागांसाठी २३ लाख अर्ज आले; त्यांत पीएचडी झालेले २५५ जण होते. आपल्याकडे २०१९ मध्ये मंत्रालयाच्या उपाहारगृहातील वाढप्याच्या १३ जागांसाठी सात हजारांच्या आसपास अर्ज आले. पात्रता चौथी पास होती. निवडल्या गेलेल्या तेरांपैकी बारा जण पदवीधर होते. त्या पदवीधरांना मी दोष देत नाही, बेकारी माणसाला कुठेही उभे करते. परंतु ज्या कामाला चौथी पुरते तिथे लेखी परीक्षा घेतली की चौथी शिकलेला आणि आयुष्यभर हॉटेलात ताटे वाढलेला माणूस बाहेर फेकला जातो, हे कोणाच्या लक्षात आले का? त्याला दुसरीकडे कुठे जागा आहे? पंजाब नॅशनल बँकेने शिपाईपदासाठी उमेदवार पदवीधर नसावा अशी अट घातली होती. एकाने पदवी लपवून नोकरी मिळवली आणि ती गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बँकेच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे पदाला लागेल तेवढेच शिक्षण, ही भूमिका कायद्याला पटते.

राहिला तो सर्वांत गंभीर आक्षेप. त्याला मी थोडक्यात उत्तर देणार नाही.

आक्षेप असा: महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांपासून शाहू महाराज आणि बाबासाहेबांपर्यंत सर्वांनी शिक्षण हाच मुक्तीचा मार्ग मानला. अनुभव कोणाला मिळतो, हे नेहमी जातीने आणि ओळखीने ठरत आले. परीक्षा मात्र उमेदवाराचे आडनाव पाहत नाही. अनुभवाला गुण दिले की कंत्राटदाराच्या भाच्याला गुण मिळतील आणि मेळघाटातली मुलगी मागे राहील. यातला पहिला भाग पूर्ण सत्य आहे. १९२८ च्या मुंबईतल्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न उभा केला होता: विणकर खात्यात धागा तोंडाने ओला करावा लागतो, म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात शिरूच देत नव्हते. अधिक मजुरीचे कसब शिकण्याची संधीच त्यांना नाकारलेली होती. अनुभव ही निष्पाप गोष्ट नाही, तिच्यावर पहारे असतात, हे या राज्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागू नये.

पण आज कंत्राटी कामावर कोण आहे? गटारे आणि कचऱ्याच्या कामावर कोण आहे, ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कोण आहे, सरकारी दवाखान्यात रात्रपाळीला मदतनीस म्हणून कोण आहे? ज्यांची शाळा नववीत सुटली, ज्यांना दोन वर्षे आयटीआयत बसण्याइतकी सवड घरच्या गरिबीने दिली नाही, तेच तिथे आहेत. आणि त्यांत दलित, भटके, आदिवासी, बलुतेदारांची मुले मोठ्या संख्येने आहेत. शाळेची दारे ज्यांना वेळेवर उघडली नाहीत, त्यांनाच शाळेचा दाखला नाही म्हणून कायम नोकरीबाहेर ठेवायचे, याला फुल्यांचा वारसा म्हणता येणार नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना फुल्यांनी प्राथमिक शाळेत वाचन-लेखन आणि हिशेबाबरोबर शेतीचे व्यवहारोपयोगी ज्ञानही असावे, अशी मागणी केली होती. हाताचे ज्ञान आणि अक्षराचे ज्ञान त्यांनी एकमेकांविरुद्ध उभे केले नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते तेव्हा कामगारांच्या तांत्रिक प्रशिक्षणाचा त्यांनी आग्रह धरला. तो आग्रह कामगाराला वर आणण्यासाठी होता. आणि कंत्राटदाराच्या भाच्याची भीती असेल, तर प्रवर्गनिहाय आरक्षण अनुभवाच्या जागांनाही तंतोतंत लागू करा, आणि गुण दाखल्यावर न देता चाचणीवर द्या. खांबावर चढून दाखवताना मामा कामाला येत नाही.

अनुभव सगळे शिकवतो, असे मात्र मी म्हणणार नाही. तो वाईट सवयीही शिकवतो. फोनवरच परमिट घेऊन काम सुरू करणारे, हातमोजे डिकीत ठेवणारे, ‘आजवर काही झाले नाही’ म्हणणारे कुशल हात मी पाहिले आहेत, आणि त्यांतले काही जण आज नाहीत. म्हणून शिक्षण हवेच. माझा विरोध शिक्षणाला नाही. ते मिळवण्याचा एकच रस्ता, एकाच वयात, एकाच इमारतीतून जातो या समजुतीला आहे.

दुसरा रस्ता सरकारने कागदावर आखून ठेवला आहे, ही यातली सर्वांत क्लेशाची गोष्ट. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला अनुभवी कामगाराने खासगी उमेदवार म्हणून बसण्याची तरतूद आहे. त्यासाठी मालकाचा अनुभव-दाखला लागतो, आणि तो कंत्राटदार देत नाही, हे वर आलेच आहे. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत आधी मिळवलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची पद्धत आहे. पण तिथे मिळालेले प्रमाणपत्र घेऊन कामगार भरतीला गेला की जाहिरातीत आयटीआयच लिहिलेले असते. २७ डिसेंबर २०१३ रोजी केंद्राने राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा अधिसूचित केला. त्यात म्हटले होते की तीन वर्षांनंतर केंद्र सरकार आणि त्याच्या उपक्रमांचे भरती नियम या आराखड्यातील पातळ्यांनुसार बदलले जातील, आणि राज्यांनाही तसे करण्यास उत्तेजन दिले जाईल. कौशल्य शाळेत मिळवले की कामावर, याने फरक पडू नये, हाच त्या आराखड्याचा गाभा होता. ती मुदत २०१६ च्या डिसेंबरात संपली.

दरम्यान राज्याने काय केले? सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय काढला, आणि तरुणांचा रोष पाहून ऑक्टोबरमध्ये तो रद्द केला. निर्णय गेला, पण कंत्राटी माणसे कामावरून कुठे गेली नाहीत. ती आजही तिथेच आहेत, तेच काम करत आहेत.

माझी मागणी स्पष्ट आहे. हाताच्या कौशल्यावर चालणाऱ्या पदांसाठी सेवाप्रवेश नियमांत बदल करा. किमान अर्हता ठेवा, पण ज्याची ठरावीक वर्षांची सेवा पीएफच्या आणि हजेरीच्या नोंदीवरून सिद्ध होते, त्याला प्रमाणपत्राऐवजी त्या सेवेवर परीक्षेला बसू द्या. सरकारी कामावर गेलेली वर्षे वयातून वजा करा. निवडीतले निम्मे गुण प्रात्यक्षिकाला द्या, आणि ते प्रात्यक्षिक आयटीआयच्या आवारात, बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर, चित्रीकरण करून घ्या. ते आयटीआयतून आलेल्या मुलालाही द्यावे लागेल आणि कंत्राटी कामगारालाही. जो चांगला असेल तो पुढे जाईल. निवड झालेल्या अनुभवी माणसाला सुरक्षा आणि मूलभूत सिद्धांताचा सक्तीचा अभ्यासक्रम द्या. तो नापास झाला तर नेमणूक थांबवा. आरक्षणाला कुठेही धक्का लावू नका. ज्या विद्यार्थ्यांनी परीक्षेची तयारी केली आहे त्यांनी याला घाबरण्याचे कारण नाही, कारण लेखी परीक्षा राहणारच आहे.

ऊर्जा, आरोग्य, ग्रामविकास आणि नगरविकास या चार खात्यांच्या सचिवांनी मनावर घेतले तर या दुरुस्त्यांना विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही. सेवाप्रवेश नियम बदलणे शासनाच्या आणि कंपन्यांच्या हातात आहे. पुढची जाहिरात निघण्यापूर्वी ते बदला.